बाबांचं अल्ब्युमिन ४.२ वरून ३.७ वर आलं, हे वयामुळे का?

गोव्यातल्या साखळीच्या एका ताईंनी विचारलंय. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. बीपीची एक गोळी सोडली तर काही दुखणं नाही, रोज सकाळी चालून येतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं. टोटल प्रोटीन ६.७ (दर डेसिलिटरला ग्रॅम), अल्ब्युमिन ३.७, ग्लोब्युलिन ३.०, ए-जी रेशो (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) १.२३, आणि रेशोपुढे ठळक अक्षरांत 'लो'. सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका लॅबमध्ये हेच आकडे ७.२, ४.२, ३.० आणि १.४ होते. शेजारचे म्हणतात लिव्हर बघून घ्या. फार्मसीत सांगितलं की वयाने प्रोटीन कमी होतंच, पावडरचा डबा सुरू करा. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, त्यांनी लिहिलंय की महिन्याभरापूर्वी ऐन पावसात बाबांच्या पायाची जखम पिकली होती, आठवडाभर अँटिबायोटिक घ्यावं लागलं. निरोगी माणसाच्या रक्तातलं प्रोटीन वयानुसार कमी होतं का आणि किती, हा त्यांचा मूळ प्रश्न.

ताई, अल्ब्युमिन वयानुसार कमी होतं हे खरं. पण त्याची चाल फार संथ असते. सात वर्षांत अर्धा ग्रॅम हा वयाचा वेग नव्हे. बाबांच्या बाबतीत मला वयापेक्षा त्या पायाच्या जखमेचा संशय जास्त येतो, आणि थोडा दोन लॅबमधल्या फरकाचा. का, ते सविस्तर सांगतो. फोंड्यात २६ वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवतोय. 'वय झालं' एवढं बोलून किती रिपोर्ट फायलीत जातात ते रोज बघतो, म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी कागदावरचे आकडे येतात कुठून ते बघू. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी राहतं ते सीरम. त्यात बाययुरेट नावाचं निळं द्रावण घातलं की त्यातलं तांबं प्रोटीनला धरतं आणि निळ्याचा जांभळा होतो. बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात शिकत असताना हे आम्ही हाताने करायचो. दहा मिनिटं थांबायचं, नळी खिडकीच्या उजेडात धरायची, आणि जांभळा किती गडद आलाय त्यावरून यंत्रात घालण्याआधीच अंदाज बांधायचा. आता सगळं यंत्र करतं, रसायन मात्र तेच. हे झालं टोटल प्रोटीन. अल्ब्युमिनसाठी वेगळा रंग वापरतात, तो अल्ब्युमिनला चिकटला की त्याची छटा बदलते. ग्लोब्युलिन मात्र या तपासणीत कुणी मोजतच नाही. टोटलमधून अल्ब्युमिन वजा केलं की जे उरतं त्याला ग्लोब्युलिन म्हणायचं, आणि मग एकाला दुसऱ्याने भागून रेशो काढायचा. म्हणजे मोजमापं दोनच, बाकी गणित. बाबांचं अल्ब्युमिन ३.७ ऐवजी ३.८ आलं असतं तर ग्लोब्युलिन २.९ झालं असतं, रेशो १.३१, आणि लॅबची खालची मर्यादा १.३ असेल तर तो 'लो'चा शिक्का उठलाच नसता. एक दशांशाचा फरक एकाच नळीतलं सीरम दोनदा यंत्रात घातलं तरी पडू शकतो. तेव्हा त्या ठळक अक्षरांनी झोप उडवून घेऊ नका.

शिक्क्याबद्दल आणखी एक. नॉर्मल रेंज ठरवताना निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि त्यातले मधले ९५ टक्के ठेवतात. दोन्ही टोकांची मिळून पाच टक्के माणसं निरोगी असूनही रेंजबाहेर पडतात. साठ-सत्तर तपासण्यांचं पॅकेज केलं की एखाददुसरा शिक्का न येणं हेच नवल. माझा भर म्हणून त्या माणसाच्या स्वतःच्या जुन्या आकड्यावर असतो. तुम्ही सात वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवलात, याचं मला खरंच कौतुक वाटलं. रिपोर्ट हाती आला की जुना फेकून देणारीच मंडळी जास्त.

आता वय. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम. एकदा बनलेलं अल्ब्युमिन बरंच टिकतं. आज रक्तात जेवढं आहे त्याचं निम्मं व्हायला सुमारे २० दिवस लागतात. रक्तवाहिन्यांतलं पाणी आत धरून ठेवणं हे त्याचं मोठं काम. शिवाय कॅल्शियम, बिलिरुबिन आणि कितीतरी औषधं ते अंगावर वाहून नेतं. निरोगी प्रौढांमध्ये तिशीनंतर ते दर दहा वर्षांना साधारण ०.०५ ते ०.१ ग्रॅमने उतरतं. तिशीत ज्याचं ४.५ होतं, तो धडधाकट राहिला तर पंच्याहत्तरीत ४.१ ते ४.३ च्या आसपास दिसतो. तरुण वयात पुरुषांचं बायकांपेक्षा थोडं जास्त असतं, पुरुषांचं उतरतंही थोडं अधिक, त्यामुळे साठीनंतर दोघांचे आकडे जवळजवळ येऊन मिळतात. म्हणजे सात वर्षांत बाबांच्या वाट्याला वयाने आलेली घट फार तर ०.०७. रिपोर्टवर ती दिसणारसुद्धा नाही.

म्हार्दोळच्या एक आजी साठाव्या वर्षापासून माझ्याकडे येतात, आता त्या ८२ च्या आहेत. सुरुवातीला ४.३, मग बरीच वर्षं ४.२, परवाचं ४.१. अजून वाकून अंगण झाडतात. त्यांच्या फायलीतली ती ओळ मी नव्या टेक्निशियनना मुद्दाम दाखवतो. निरोगी म्हातारपण रक्तात कसं दिसतं ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

ही थोडीशी घट का होते? एक कारण सांगून भागत नाही. वय वाढतं तसा लिव्हरचा आकार आणि त्याला मिळणारं रक्त दोन्ही कमी होतात, पण लिव्हरकडे राखीव ताकद इतकी असते की एवढ्यावरून अल्ब्युमिन घसरायला नको. जास्त वजनाचं कारण म्हणजे शरीरात धुमसत राहणारी बारीकशी सूज. हिरड्या, सांधे, पोटाची चरबी, जुनाट खोकला, कुठे ना कुठे थोडं जळत असतं. लिव्हरला त्याचे निरोप पोचतात आणि ते अल्ब्युमिनचं काम जरा मागे ठेवून फायब्रिनोजेन, सीआरपी, हॅप्टोग्लोबिन यांसारखी सुजेच्या वेळची प्रोटीन जास्त बनवू लागतं. म्हणून वयाबरोबर फायब्रिनोजेन वाढतं, आणि त्याच्या मागोमाग ईएसआर, म्हणजे नळीत लाल पेशी खाली बसण्याचा वेग. ईएसआरसाठी एक जुना ठोकताळा आहे: पुरुषाचं वय भागिले दोन, बाईचं वय अधिक दहा भागिले दोन. बाबांचा ईएसआर ३५ आला तर मी वयात बसवीन, पंचविशीतल्या मुलाचा आला तर कारण शोधीन. उलट लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन अल्ब्युमिनसारखं थोडं खाली जातं. प्रतिकाराच्या ग्लोब्युलिनांत आयजीए वाढतं, आयजीजी किंचित. एक खाली, दुसरं थोडं वर, त्यामुळे टोटल प्रोटीन म्हातारपणी फारसं हलत नाही. ए-जी रेशो मात्र हळूहळू सरकत येतो. तो कमी दिसला की लोक लिव्हर म्हणतात, पण सत्तरीत किंचित उतरलेला रेशो हा बहुतेकदा या दोन संथ चालींचा परिणाम असतो.

आता बाबांकडे वळू. अर्ध्या ग्रॅमचा हिशेब लावायचा आहे.

लॅब बदलली हे पहिलं. अल्ब्युमिन मोजायला दोन रंग प्रचलित आहेत, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल. ग्रीनवाला काही ग्लोब्युलिनांनाही थोडा चिकटतो, त्यामुळे आकडा चढा देतो. पर्पलवाला अल्ब्युमिनपुरताच राहतो आणि खालचा देतो. एकाच माणसाचं एकाच दिवशीचं रक्त या दोन पद्धतींनी दोन-तीन दशांश पुढेमागे येऊ शकतं. रिपोर्टवर अल्ब्युमिनच्या नावाखाली बारीक अक्षरांत बहुतेकदा बीसीजी (ग्रीन) किंवा बीसीपी (पर्पल) छापलेलं असतं. दोन्ही कागदांवर ते बघा. ही चार सेकंदांची तपासणी कुणी करत नाही.

रक्त कसं घेतलं हे दुसरं. उभा माणूस आडवा झाला की थोड्या वेळात बाहेरचं पाणी रक्तवाहिन्यांत परततं आणि प्रोटीन पातळ होतं. उभ्या माणसाचं आणि पडून राहिलेल्याचं अल्ब्युमिन यांत सहज ८ ते १० टक्के फरक पडतो. ४.२ चे ८ टक्के म्हणजे तीन दशांशांच्या वर. सात वर्षांपूर्वी बाबा बसमधून उतरून उन्हातून तरातरा चालत लॅबमध्ये गेले असतील, आणि यंदा कॉटवर झोपवून रक्त घेतलं असेल, तर एवढ्यानेच अर्धी गोष्ट सुटली. हाताला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर उलटं होतं, आकडा चढतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी घाम गाळून आलेल्या माणसांचं टोटल प्रोटीन नेहमीच जरा चढं दिसतं. त्यांना मी लिंबूपाणी देऊन अर्धा तास पंख्याखाली बसवतो आणि मगच सुई लावतो.

यातलं काहीही नसलं, लॅब तीच, पद्धत तीच, बसून घेतलेलं रक्त, तरीसुद्धा शरीराचा रोजचा चढउतार आणि यंत्राची अचूकता धरून दोन रिपोर्टांत सुमारे १० टक्क्यांपर्यंतचा फरक मी खरा बदल मानत नाही. बाबांचा फरक १२ टक्के आहे, आणि तोही दोन लॅबमधला.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो पाय. जखम पिकली, ताप आला असेल, पिंडरी लाल होऊन सुजली असेल. अशा वेळी लिव्हर अल्ब्युमिन बनवणं कमी करतं, आणि असलेलं अल्ब्युमिन सुजेमुळे सैल झालेल्या केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. काही दिवसांत ते अर्ध्या-एक ग्रॅमने सहज उतरतं. मग जखम भरते, सीआरपी आठवड्याभरात जाग्यावर येतं, माणूस पुन्हा फिरायला लागतो. अल्ब्युमिन मात्र रखडत वर चढतं. पाय बरा झाला, रिपोर्ट अजून आजारी आहे, अशी अवस्था महिनाभर टिकते. बाबांचं रक्त नेमकं या अवधीत घेतलं गेलं.

या जखमेवरून एक आगंतुक सल्ला. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी भिजून फाटते आणि तिथून जंतू शिरतात. भाटात, शेतात, नुसतं अंगणात वावरणाऱ्यांनाही हे होतं. पण सत्तरीतल्या माणसाची जखम पिकते तेव्हा साखर बघितल्याशिवाय सोडायचं नाही. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) झालंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. झालं नसेल तर अल्ब्युमिनच्याही आधी ते करा.

शेजाऱ्यांच्या शंकेबद्दल. लिव्हर खरंच झिजलं की अल्ब्युमिन उतरतं, हे बरोबर. काजूचा हंगाम आला, काजूची दारू, उर्राक, सुरू झाला की माझ्याकडे असे रिपोर्ट वाढतात, आणि त्यामागची घरं डोळ्यांसमोर येऊन जीव हळहळतो. पण सिरॉसिसचा रिपोर्ट वेगळा दिसतो. तिथे अल्ब्युमिन खाली जाताना ग्लोब्युलिन वर चढतं, कारण आतड्यातून येणारे जंतूंचे अंश लिव्हर गाळू शकत नाही आणि प्रतिकारशक्तीला सतत काम पडतं. अल्ब्युमिन २.८, ग्लोब्युलिन ४.५, रेशो उलटा. सोबत बिलिरुबिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), प्लेटलेट यांतही गडबड असते. बाबांचं ग्लोब्युलिन सात वर्षांपूर्वी ३.० होतं, आजही ३.० आहे. लिव्हरच्या बाजूने बोलणारं यात काही नाही. एसजीपीटी आणि बिलिरुबिन ऑपरेशनपूर्व तपासण्यांत झालं असेलच, तो कागद एकदा बघा.

किडनीचं मात्र विचारून घेणं योग्य, कारण बाबांना बीपी आहे. अल्ब्युमिन लघवीवाटे गळत असेल तर रक्तातलं उतरतं, आणि त्याची सुरुवात मुकाट्याने होते. सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही साधी, स्वस्त तपासणी. ३० च्या आत असलं की ठीक. काणकोणात किडनीच्या विकारांची चर्चा इतकी वर्षं चाललीय, तरी गोव्यात बीपीच्या पेशंटची ही तपासणी नेमाने होत नाही याचं मला वाईट वाटतं. संध्याकाळी बाबांच्या घोट्याच्या वर, नळीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून बघा. खळगा पडून राहिला, किंवा चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उमटत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवायचं. फक्त जो पाय पिकला होता तो सोडून दुसऱ्या पायावर बघा.

वयावर ढकलायची नाही अशी दुसरी गोष्ट ग्लोब्युलिनच्या बाजूला असते. बाबांना ती नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात असेल म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी ६६ वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. आठ महिने कंबर दुखत होती. मणका झिजलाय, वय झालं, असं ऐकून ते तेल लावत बसले होते. मधल्या एका तपासणीत टोटल प्रोटीन ९.४ आलं होतं आणि 'प्रोटीन भरपूर आहे' म्हणून घरात आनंद झाला होता. माझ्याकडे ९.६, अल्ब्युमिन ३.२. म्हणजे ग्लोब्युलिन ६.४. मी इलेक्ट्रोफोरेसिस लावलं. सीरमचा थेंब जेलवर ठेवून वीज सोडली की प्रोटीन आपापल्या विद्युतभारानुसार वेगवेगळी धावतात. आर्ने टिसेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाला १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या कामासाठीही. निरोगी माणसाच्या पट्टीवर एका टोकाला अल्ब्युमिनचा जाड गडद पट्टा असतो आणि दुसऱ्या टोकाला गॅमाचा, म्हणजे प्रतिकाराच्या प्रोटीनचा, भाग बोटाने पुसल्यासारखा फिकट पसरलेला. यांच्या पट्टीवर त्या फिकट जागेत एकच बारीक, काळी, धारदार रेघ होती, जणू कुणी पेनाने ओढलीय. मल्टिपल मायलोमा, अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. किडनीला इजा व्हायला सुरुवात झाली होती. आठ महिने आधी कुणी ती वजाबाकी करून बघितली असती तर!

अशी रेघ दिसली म्हणजे मायलोमाच असं नव्हे. पन्नाशीनंतर साधारण ३ टक्के आणि सत्तरीनंतर ५ टक्के लोकांत लहानशी रेघ सापडते, असं अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मोठ्या पाहणीत दिसलंय. त्यातल्या वर्षाला सुमारे एक टक्का लोकांचं पुढे आजारात रूपांतर होतं. बाकीच्यांना फक्त ठरावीक काळाने तपासत राहायचं. पण टोटल प्रोटीन ८.५ च्या पुढे किंवा ग्लोब्युलिन ४ च्या पुढे असेल, आणि जोडीला कंबरदुखी, रक्त कमी किंवा किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं असेल, तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्याच.

आतापर्यंत मी दोन-चार प्रोटीनबद्दलच बोललो. रक्तात ती हजारोंनी असतात, आणि 'वयानुसार काय बदलतं' या प्रश्नाचं खरं मोठं उत्तर गेल्या काही वर्षांतच हाती येऊ लागलंय. अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ पासून एक अभ्यास चालू आहे, त्यात तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासतात. २०१८ साली तिथल्या संशोधकांनी २२ ते ९३ वयाची २४० माणसं घेतली, तीही कडक निकषांवर निरोगी ठरलेली, आणि प्रत्येकाच्या रक्तातली १,३०१ प्रोटीन मोजली. २१७ प्रोटीनचा वयाशी पक्का संबंध निघाला. त्यातली १९७ वयाबरोबर वाढणारी आणि फक्त २० कमी होणारी! वय झालं की प्रोटीन कमी होतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा आकडा बघावा. वयाशी सगळ्यात घट्ट बांधलेलं निघालं ते जीडीएफ-१५, पेशींवर ताण आला की वाढणारं प्रोटीन. (मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही ते वाढवतं, त्यामुळे कुठे कुणी 'वय मोजणारी' तपासणी म्हणून हे विकायला आलं तर आधी गोळ्यांची यादी समोर ठेवा.)

पुढच्या वर्षी, २०१९ ला, स्टॅनफर्डच्या गटाने १८ ते ९५ वयाच्या ४,२६३ लोकांत २,९२५ प्रोटीन तपासली. त्यांना दिसलं की बदल सरळ रेषेत होत नाही. ३४, ६० आणि ७८ या वयांच्या आसपास लाटा येतात, एकदम बरीच प्रोटीन हलतात. मला हे वाचून बरं वाटलं, कारण साठीनंतर माणूस 'अचानक' उतरला असं घरचे म्हणतात त्याला रक्तातही काही आधार दिसतोय. पण एवढ्यावरून बाबांसाठी आज काही करायचं नाही. या तपासण्या अजून उपचार ठरवण्याच्या कामाच्या नाहीत.

रोजच्या कामात वयाचा विचार जिथे खरंच करावा लागतो ती प्रोटीन वेगळी. हृदयावरच्या ताणाचं एनटी-प्रोबीएनपी घ्या. धाप लागून आलेल्या माणसात हार्ट फेल्युअर ठरवायची रेषा पन्नाशीच्या आत ४५०, पंच्याहत्तरीपर्यंत ९००, त्यापुढे १,८००. गुठळीसाठी डी-डायमर बघतो तेव्हा पन्नाशीनंतर ५०० ऐवजी वय गुणिले दहा धरतात. प्रोस्टेटचं पीएसए वयाबरोबर चढतं. सिस्टाटिन-सी आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन किडनीची गाळणी मंदावते तशी वाढतात. अल्ब्युमिनला मात्र बहुतेक लॅब सगळ्या प्रौढांना एकच रेंज लावतात, ३.५ ते ५.०, आणि माझ्या मते ते योग्य आहे. ३.५ च्या खालचं अल्ब्युमिन नव्वदीतही वय म्हणून सोडून देऊ नये.

कमी अल्ब्युमिनचा आणखी एक उपद्रव लक्षात असू द्या. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, फिट्सवरचं फेनिटॉइन अशी औषधं अल्ब्युमिनला चिकटून रक्तात फिरतात. अल्ब्युमिन उतरलं की मोकळ्या औषधाचं प्रमाण वाढतं, आणि फेनिटॉइनची रक्तातली पातळी 'नॉर्मल' दिसत असताना माणूस झोकांड्या खाऊ शकतो. कॅल्शियमही खोटंच कमी दिसतं. ४ मधून अल्ब्युमिन वजा करून ०.८ ने गुणायचं आणि ते कॅल्शियममध्ये मिळवायचं. बाबांच्या ३.७ साठी ही दुरुस्ती फक्त ०.२४, सोडून द्या.

राहिली पावडर. तुमच्या घरी दोन महिने मासे नव्हते, आधी मासेमारी बंदी आणि मग श्रावण, म्हणून प्रोटीन उतरलं अशी आईंची समजूत झाल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, असं होत नाही. रक्तातलं अल्ब्युमिन हा जेवणाचा आरसा नाही. आधी तसं मानत, आमच्या शिक्षणातही तसंच होतं, पण आता आहारतज्ज्ञांच्या मोठ्या संस्थांनीच अल्ब्युमिनवरून कुपोषण ठरवू नका असं सांगितलंय. वर्षानुवर्षं उपाशी राहून हाडांचा सापळा झालेल्या मुलींचंही अल्ब्युमिन अनेकदा नॉर्मल निघतं. तेव्हा ३.७ चं ४.२ करायला डबा घेऊ नका.

जेवणातलं प्रोटीन मात्र वाढवायला हवं, कारण वेगळं: स्नायू. आपल्याकडे प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगतात, पण ६५ च्या पुढे १ ते १.२ ग्रॅम असावं असं वृद्धांच्या आहाराचे जाणकार मानतात. बाबा ६० किलोचे असतील तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी शीत नि वर पातळ वरण, रात्री पुन्हा पेज, असं चाललं तर यातलं निम्मंही पोटात जात नाही. श्रावणातसुद्धा मुगागाठी आहेत, अळसांद्याचं तोणाक आहे, कुळथाची पिठी आहे, दही-दूध आहे. पिठी पाण्यासारखी करू नका, दाट करा. श्रावण संपला की एक मध्यम बांगडा म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम, एक अंडं म्हणजे ६. आणि हे तिन्ही वेळच्या जेवणात वाटून, दुपारच्या एकाच ताटात सगळं नको. क्रिएटिनिन चढलेलं निघालं तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून.

आता करायचं काय ते. जखम भरल्यापासून आठ आठवडे जाऊ द्या. मग आत्ता जिथे केलं त्याच लॅबमध्ये सकाळी जा. बाबांना पंधरा मिनिटं खुर्चीवर बसवा आणि बसूनच रक्त द्या, पट्टा मिनिटाच्या आत सोडायला सांगा. टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिनच्या जोडीला सीआरपी, सीबीसी, क्रिएटिनिन, एचबीएवनसी (आधी झालं नसेल तर) आणि लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन एवढंच. अल्ब्युमिन ४ च्या आसपास परतलं तर प्रश्न तिथेच मिटला, वर्षातून एकदा बघा. ३.७ वरच राहिलं पण सीआरपी आणि लघवी ठीक असेल, तर तो या लॅबमधला बाबांचा नेहमीचा आकडा समजा आणि पुढची तुलना त्याच्याशी करा. सीआरपी चढं असेल तर सूज कुठे आहे ते शोधायचं, आणि सुरुवात दातांपासून करा. या वयात किडलेली मुळं वर्षानुवर्षं तोंडात तशीच असतात आणि कुणी बघत नाही. ३.५ च्या खाली गेलं, वजन उतरायला लागलं किंवा पायावर तसा खळगा पडला तर आठ आठवडे थांबू नका, फिजिशियनना लगेच दाखवा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ३.७ अल्ब्युमिन आड येत नाही. पण पाय पिकला होता हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. जखम पूर्ण सुकल्याचं आणि साखर ताब्यात असल्याचं बघूनच त्यांना तारीख देऊ द्या.